पेशी मेल्या खऱ्या, पण कशाने?

नव्या औषधांच्या विद्यापीठीय संशोधनाविषयी आलेल्या पत्रांपैकी नऊ प्रश्न या अंकात घेतले आहेत. बरीच पत्रे एम.एस्सी. आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांची आहेत, त्यामुळे काही उत्तरांत प्रयोगशाळेची बोली आली आहे. हळदीचा प्रश्न सगळ्यांच्या घरचा, म्हणून त्याला पहिला मान.

प्रश्न : आमचा हळदीचा व्यापार आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने कर्करोगाच्या पेशी मरतात, असे विद्यापीठांतले संशोधन दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. मग औषध का निघत नाही? कंपन्या दाबून ठेवतात का? (हळद व्यापारी, सांगली)

दाबून कोणी ठेवलेले नाही. अडचण त्या रसायनातच आहे.

आधी मात्रा पाहू. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मारायला कर्क्युमिन साधारण १० ते ३० मायक्रोमोलर लागते, म्हणजे मिलिलिटरला ४ ते ११ मायक्रोग्रॅम. तैवानमधल्या २००१ सालच्या एका चाचणीत लोकांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिले. तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर भरली, तीही तास-दोन तासांनी गाठली आणि मग उतरत गेली. हळदीत कर्क्युमिन चार टक्के धरले तर ८ ग्रॅमसाठी रोज २०० ग्रॅम हळद पोटात जायला हवी. एवढे करूनही पेशी मारणाऱ्या पातळीच्या जवळपास आपण पोचत नाही, कारण आतडे आणि यकृत कर्क्युमिनला ग्लुक्युरोनिक आम्ल आणि सल्फेट चिकटवून त्याची पाठवणी करून टाकतात.

शिवाय ते टिकत नाही. रक्तद्रव (सीरम) न घातलेल्या, ७.२ पीएचच्या द्रावणात ३७ अंशांवर ठेवले तर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन फुटून जाते. रक्तद्रव घातला की ते सावकाश फुटते, पण फुटतेच. मग ७२ तासांनी पेशी मेलेल्या दिसल्या, तर त्या कर्क्युमिनने मेल्या की त्याच्या तुकड्यांनी, हे कोण सांगणार?

सगळ्यांत फसवी गोष्ट निराळीच आहे. कर्क्युमिन स्वतः चमकते, धातूंना धरते, प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांशी रासायनिक बंध जोडते आणि पाण्यात गोळ्या करून बसते. त्यामुळे कुठल्याही प्रथिनावरची चाचणी लावा, ते ‘काम करते’ असेच उत्तर येते. अशा रेणूंना औषधरसायनशास्त्रात ‘पेन्स’ म्हणतात आणि त्यांच्या निकालांकडे संशयानेच पाहायचे असते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ साली या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. तोवर १२०हून अधिक मानवी चाचण्या झाल्या होत्या. त्यांतली दुहेरी-अंध, बनावट गोळीशी तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नव्हती.

मिरीचे काय, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. बंगळुरूच्या १९९८ सालच्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले २० मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर रक्तातले प्रमाण वीस पटींनी वाढले, हे खरे आहे. पण पायपेरिन हे यकृतातली औषधे फोडणारी विकरे अडवूनच साधते. ती विकरे फेनिटॉइनसारखी औषधेही फोडतात, त्यामुळे फिट्सवरची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्याने मिरीयुक्त कर्क्युमिनची कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीचा याच्याशी काही संबंध नाही. ती खुशाल घाला.

जाता जाता हळदीच्या पेटंटविषयी. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळालेले अमेरिकी पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ साली रद्द करवले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. ते पेटंट जखम भरण्याविषयी होते. जखमेवर हळद लावणे हा नवा शोध नाही, एवढेच त्या लढाईने सिद्ध केले. कर्करोगाचा तिथे विषयच नव्हता.

प्रश्न : वनस्पतीच्या अर्काची एमटीटी चाचणी करते आहे. मात्रा वाढवली की जिवंत पेशींचे प्रमाण ११५ ते १३० टक्के येते, पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल होऊन सुटलेल्या दिसतात. यंत्र खरे की डोळे? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

डोळे.

एमटीटी हे पिवळे मीठ आहे. जिवंत पेशीतली विकरे त्याचे जांभळे फॉर्माझान करतात आणि आपण तो जांभळेपणा मोजतो. पण मिठाचे जांभळे व्हायला विकरच लागते असे नाही. पॉलिफेनॉल, क जीवनसत्त्व, गंधकाचे गट असलेली संयुगे हीही ते काम पेशींशिवाय करतात. वनस्पतीच्या अर्कात यांची रेलचेल असते. म्हणजे पेशी मरत आहेत आणि रंग अर्क देतो आहे.

खातरजमा एका दुपारी होते. पेशी न टाकलेल्या खळग्यांत (आपण ज्याला ‘वेल’ म्हणतो) माध्यम (पेशी वाढवण्याचा अन्नद्रव), अर्काच्या सगळ्या मात्रा आणि एमटीटी घालून चार तास ठेवा. जांभळे झाले तर दोष सापडला. त्यावर साधा उपाय म्हणजे एमटीटी घालण्याआधी अर्काचे माध्यम काढून पीबीएसने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) दोनदा धुणे. पण सुटलेल्या पेशीही त्यात वाहून जातात, म्हणून आधी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच फिरवून घ्या. त्याहून बरे म्हणजे पद्धतच बदलणे. एसआरबी (सल्फोरोडामिन-बी या रंगाच्या) चाचणीत पेशी थंड ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने (अंतिम प्रमाण १० टक्के) ४ अंशांवर तासभर पक्क्या करतात, पाण्याने चारपाचदा धुतात, १ टक्का अॅसेटिक आम्लातल्या ०.४ टक्के एसआरबीने रंगवतात, जादा रंग १ टक्का अॅसेटिक आम्लाने काढतात आणि उरलेला १० मिलिमोलर ट्रिसमध्ये विरघळवून ५४० नॅनोमीटरवर वाचतात. ही चाचणी प्रथिनांचे वजन मोजते, त्यामुळे अर्काच्या अपचायक (एमटीटीला जांभळे करणाऱ्या) गुणाचा तिला त्रास होत नाही. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातही औषधांची चाळणी याच पद्धतीने करतात.

तुम्ही पाठवलेल्या प्लेटच्या आराखड्यात आणखी काही गोष्टी खटकल्या.

कडेचे ३६ खळगे तुम्ही वापरले आहेत. तिथले पाणी जास्त उडते आणि क्षार व औषध दोन्ही दाट होतात. त्यांत नुसते पीबीएस भरा आणि प्रयोग आतल्या ६० खळग्यांत बसवा. पेशी खळग्याला ५ ते १० हजार, १०० मायक्रोलिटरमध्ये. त्या चिकटायला २४ तास द्या आणि मगच औषध घाला. एमटीटीचे मूळ द्रावण मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, गाळलेले आणि अंधारात ठेवलेले. दर १०० मायक्रोलिटरला १० मायक्रोलिटर, तीन ते चार तास. मग द्रव अलगद काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ (रसायने विरघळवणारा द्रव), दहा मिनिटे हलवणे, ५७० वर वाचन आणि त्यातून ६३० चे वजा.

डीएमएसओची चूक तर निम्म्या प्रबंधांत असते. अर्क डीएमएसओत विरघळवून पुढची विरलने माध्यमात केली, की सर्वांत मोठ्या मात्रेत डीएमएसओ २ टक्के आणि सर्वांत लहान मात्रेत जवळजवळ शून्य असे होते. मग मरण अर्काचे की डीएमएसओचे, ते कळत नाही. विरलने आधी शुद्ध डीएमएसओतच करा आणि मग प्रत्येक नळीतून सारख्याच प्रमाणात, उदाहरणार्थ २०० पटींनी, माध्यमात घ्या. सगळीकडे ०.५ टक्के राहील. नियंत्रण खळग्यांतही तेवढेच घाला. माध्यमात टाकल्यावर अर्क गढूळ होतो का, तळाशी बसतो का, तेही पाहा. बसला असेल तर तुम्ही कागदावर लिहिलेली मात्रा पेशींपर्यंत पोचलेलीच नाही.

आणि तीन शेजारचे खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पिढीच्या पेशी घेऊन केलेले तीन प्रयोग म्हणजे तीन.

प्रश्न : आमच्या अर्काचा आयसी-५० (निम्म्या पेशी रोखणारी मात्रा) मिलिलिटरला ४८० मायक्रोग्रॅम आला. ‘प्रभावी’ लिहावे का? (फार्मसी, धुळे)

लिहू नये. कच्च्या अर्कासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची फूटपट्टी मिलिलिटरला २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या आतली आहे. ४८० ला पेशी मेल्या, तर टॅनिनने प्रथिने गोळा झाली असतील, पीएच घसरला असेल किंवा क्षारांचे प्रमाण बिघडले असेल. शिवाय त्याच प्लेटवर निरोगी पेशी आणि डॉक्सोरुबिसिनसारखे माहितीतले औषध हवे. निरोगी पेशीही तेवढ्याच मरत असतील, तर तुमच्याकडे औषध नाही, विष आहे. आणि तेही फारसे जहाल नाही.

प्रश्न : पेशी वाढतात पण मंद. माध्यम स्वच्छ दिसते, बुरशी नाही, जिवाणू नाहीत. मागच्या महिन्याचा आकडा या महिन्यात येत नाही. (पीएच.डी. विद्यार्थी, नागपूर)

आधी मायकोप्लाझ्मा तपासा. हे जिवाणू इतके बारीक असतात, की ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून निसटतात आणि माध्यम गढूळ करत नाहीत. त्यांना पेशीभित्ती नसल्याने पेनिसिलिनही त्यांच्यावर चालत नाही. ते पेशींचे अन्न खातात, त्यांचा चयापचय बदलतात आणि एमटीटीचे आकडे बिघडवतात.

प्रतिजैविक न घातलेल्या माध्यमात दोन-तीन दिवस वाढलेल्या, दाटी झालेल्या पेशींवरचा द्रव घेऊन पीसीआर करा. डीएनएला धरून चमकणाऱ्या डीएपीआयने रंगवून पाहिले तर केंद्रकाबाहेर बारीक ठिपके चमकताना दिसतात. सापडले तर पेशी ऑटोक्लेव्ह करून टाकून द्या आणि जुनी गोठवलेली कुपी, तीही तपासून, वितळवा. औषधाने बरे करण्याच्या फंदात केवळ दुर्मीळ पेशींसाठीच पडावे.

त्याबरोबरच पेशी खरेच त्याच आहेत का, हेही पाहून घ्या. हेला या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोग-पेशींनी इतर पेशीमालिकांत घुसखोरी केल्याचे १९६६ पासून माहीत आहे, तरी आजही शेजारच्या प्रयोगशाळेतून ‘उसन्या’ आणलेल्या कुपीवरच्या चिठ्ठीला लोक वेदवाक्य मानतात. एसटीआर तपासणीने (पेशीच्या डीएनएच्या ठशाने) ओळख पटते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून पेशी घेतल्या, की सुरुवात तरी कागदपत्रांसह होते.

प्रश्न : मार्गदर्शक म्हणतात, कार्ययंत्रणा दाखवा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या चाचणीत) पेशी मारणारा कॅस्पेज-३ सक्रिय झाला, पेशी वाचवणारा बीसीएल-२ कमी झाला. एवढे पुरेल? (पीएच.डी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

प्रबंधाला पुरेल कदाचित. प्रश्नाला पुरत नाही. कॅस्पेज-३ सक्रिय होणे म्हणजे पेशी शिस्तीने मरते आहे, एवढेच. कशामुळे मरते आहे ते त्यात नाही. शंभर वेगवेगळी विषे याच वाटेने पेशी मारतात.

पहिली कसोटी वेळेची. ४८ तासांनी पेशी मरत असतील तर ४८ तासांचा ब्लॉट म्हणजे पंचनामा. कारण शोधायचे तर १, ३, ६ आणि १२ तासांचे नमुने घ्या. जे प्रथिन मरण सुरू होण्याआधी बदलते, तेच संशयित.

दुसरी कसोटी अडवण्याची. झेड-व्हॅड-एफएमके हे कॅस्पेज अडवणारे रसायन २० ते ५० मायक्रोमोलर, औषधाच्या तासभर आधी घाला. पेशी वाचल्या तर कॅस्पेजची वाट खरी. तरीही मेल्या तर मरण दुसऱ्या दाराने येते आहे.

तिसरी सर्वांत कडक: ज्या प्रथिनावर औषध लागते असे तुमचे म्हणणे आहे, त्याचे जनुक क्रिस्परने (जनुके कापण्याच्या तंत्राने) काढून टाका. औषधाचे काम त्या प्रथिनाद्वारेच चालत असेल, तर ते नसलेल्या पेशीवर औषधाचा परिणाम व्हायला नको. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या गटाने २०१९ साली हेच केले. कर्करोगावरच्या काही नव्या, मानवी चाचण्यांपर्यंत गेलेल्या औषधांची ‘लक्ष्य’ प्रथिने त्यांनी पेशींतून उडवून दिली. पेशी मजेत वाढत राहिल्या, आणि औषध दिल्यावर पूर्वीइतक्याच मेल्या! त्यांतल्या ओटीएस-९६४ या औषधाचे लक्ष्य पीबीके नावाचे प्रथिन मानले जात होते. प्रत्यक्षात ते सीडीके-११ निघाले. जुन्या प्रयोगांत जनुक दडपायला लहान आरएनए वापरले होते आणि ते भलत्याच जनुकांवरही बसत, हा त्या चुकीचा एक उगम. म्हणून लहान आरएनए वापरायचेच असतील तर एकाच जनुकावरचे दोन-तीन वेगवेगळे घ्या. आणि त्या आरएनएला न जुमानणारी जनुकाची प्रत परत घातल्यावर गुण परततो का, तेही दाखवा.

आता ब्लॉटविषयी. पेशी गोळा करताना वरचे माध्यम फेकले ना? मेलेल्या पेशी त्यातच तरंगत होत्या. ते माध्यम ३०० जी वेगाने पाच मिनिटे फिरवून खालचा गोळा चिकटलेल्या पेशींत मिसळा, नाहीतर ब्लॉट वाचलेल्यांचाच होतो. फॉस्फेट लागलेले प्रथिन पाहायचे असेल तर पडदा दुधाने झाकू नका. दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त असल्याने पार्श्वभूमी काळवंडते. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घ्या. ३० मायक्रोग्रॅम प्रथिन भरल्यावर तुलनेसाठी धरलेल्या अॅक्टिन या प्रथिनाची पट्टी बहुधा इतकी गडद होते, की कमी-जास्त कळतच नाही. एकदा ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम भरून पट्टीची गडदता खरोखर दुपटीने वाढते का ते पाहा, आणि जिथवर वाढते तिथवरच मोजा.

प्रश्न : एखादे नवे रसायन जंतूत नेमके कुठे लागते, हे शोधतात तरी कसे? वर्गात सांगता येईल असे उदाहरण हवे. (विज्ञान शिक्षक, रत्नागिरी)

क्षयावरचे बेडाक्विलिन घ्या. याची गोष्ट वर्गात छान रंगते.

क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला १८ ते २४ तास घेतो आणि त्याच्यावर काम करायला तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा असलेली प्रयोगशाळा लागते. म्हणून आधीची चाळणी त्याच्या निरुपद्रवी, तीन-चार तासांत दुप्पट होणाऱ्या भाऊबंदावर, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर, करतात. जॅन्सेन कंपनीच्या संशोधकांनी तसेच केले आणि त्यांना एक क्विनोलिन गटातले रसायन सापडले. ते जंतू मारत होते, पण कसे ते माहीत नव्हते.

मग जंतूलाच विचारायचे. आधी किती मात्रेला वाढ थांबते ते ठरवतात. मग त्याच्या पाच-दहा पट औषध घातलेल्या आगरवर (जंतू वाढवण्याच्या थरावर) १० कोटी ते १०० कोटी जंतू पसरतात. जवळजवळ सगळे मरतात. ज्यांच्या जनुकांत योगायोगाने सोयीचा बदल झालेला असतो, अशा चार-दोघांच्या वसाहती उगवतात. त्या औषध नसलेल्या आगरवर दोनदा वाढवून पुन्हा औषधावर आणतात. तरीही टिकल्या तर प्रतिकार खरा. मग त्यांचा संपूर्ण जीनोम वाचून मूळ जंतूशी ताडून पाहतात. इथे एक सावधगिरी: सगळ्या वसाहती एकाच नळीतल्या घेतल्या तर ती एकाच आईची लेकरे असू शकतात. पाच-सहा स्वतंत्र नळ्यांतून एकेक घ्यावी.

बेडाक्विलिनच्या बाबतीत बदल सापडला तो एटीपीई या एकाच जनुकात. ते जनुक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करणाऱ्या यंत्राच्या फिरत्या चाकाचा भाग बनवते. औषध त्या चाकात पाचर मारते आणि जंतूचा ऊर्जापुरवठा बंद पडतो. पुरावा पुरा करण्यासाठी बदललेले जनुक साध्या जंतूत घातले, आणि तोही औषधाला दाद देईना. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आज औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या ‘बीपाल-एम’ या सहा महिन्यांच्या उपचारातला ‘बी’ म्हणजे हेच औषध.

वर्गातल्या हुशार मुलांसाठी पुढचा पेच. रुग्णांत आढळणारा प्रतिकार बहुधा एटीपीईमधला नसतो. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपावर लगाम ठेवणारे एक जनुक आहे, आरव्ही-०६७८. ते बिघडले की पंप मोकाट सुटतो. म्हणजे प्रतिकारी जंतूत बदल सापडला तरी तो लक्ष्यातच असेल असे धरून चालता येत नाही. नुसता जीनोम वाचून थांबणाऱ्यांची इथे फसगत होते.

प्रश्न : ऑटोडॉक विना या, रेणू प्रथिनात कसा बसेल ते अजमावणाऱ्या (डॉकिंग) संगणक-प्रणालीत आमच्या रेणूचा गुण उणे ९.२ आला आणि प्रचलित औषधाचा उणे ८.५. आमचा रेणू सरस म्हणता येईल का? (बी.फार्म. गट, नाशिक)

नाही. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनाच्या ताकदीत दहा पट फरक. तुमचा ०.७ चा फरक जेमतेम सव्वातीन पट सांगतो. विनाच्या कर्त्यांनी स्वतःच दिलेली प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी आहे, म्हणजे शंभर पटींहून जास्त. किलोचे वजन ढळणाऱ्या काट्यावर तुम्ही गुंज तोलता आहात.

शिवाय विनाला मोठे रेणू आवडतात. अणू वाढले की गुण आपोआप वाढतो, म्हणून गुणाला जड (हायड्रोजन सोडून इतर) अणूंच्या संख्येने भागूनही पाहा. आधी प्रथिनाच्या स्फटिकरचनेत बसलेलाच रेणू काढून परत बसवा. मूळ जागेपासूनचे अंतर २ अँगस्ट्रॉमच्या आत आले नाही, तर तुमची मांडणीच चुकली आहे. हायड्रोजन कुठे बसवले, हिस्टिडिन या अमिनो आम्लावर कोणता भार धरला, खळीतले कोणते पाणी पुसले, याने निकाल उलटापालटा होतो. आणि ज्यांचा त्या प्रथिनाशी संबंध नाही अशी पन्नास रसायनेही डॉक करा. त्यांतली वीस तुमच्याइतकेच गुण घेत असतील, तर लेख तिथेच थांबवावा.

डॉकिंग हजारातून पन्नास निवडायला उत्तम. एका रेणूवर डॉकिंग करून निघालेले लेख मासिकांत ढिगाने आहेत, पण त्यांतून कळते फार थोडे. जवळच्या महाविद्यालयात विकराची साधी चाचणी करता आली, तर तिचा एक आलेख अशा दहा रंगीत चित्रांपेक्षा मोलाचा.

प्रश्न : उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिल्यावर साखर उतरली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम का? (मधुमेही वाचक, पुणे)

असा थेट गुणाकार करत नाहीत. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो, म्हणून शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब धरतात. उंदराची मात्रा १२.३ ने भागायची, मोठ्या पांढऱ्या उंदराची ६.२ ने. २०० ला १२.३ ने भागले की किलोमागे १६ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला सुमारे १ ग्रॅम. माणसावरच्या पहिल्या चाचणीत याहूनही खाली उतरतात. ज्या मात्रेला प्राण्यात काहीच अपाय दिसला नाही ती धरून, असे रूपांतर करून, वर आणखी दहाने भागतात.

पण तुमच्या पत्रातल्या लेखात औषध उंदराच्या पोटाच्या पोकळीत टोचले होते. तोंडाने घेतल्यावर त्यातले किती रक्तात जाईल, याचा त्यात पत्ता नाही. आणि त्या उंदरांचा मधुमेह स्ट्रेप्टोझोटोसिनने स्वादुपिंड जाळून केलेला होता. तुमचा बहुधा तसा नाही. पन्नाशीनंतर येणारा मधुमेह मुख्यतः इन्शुलिनला दाद न देण्याचा असतो, आणि चरबीयुक्त आहारावर वाढवलेला उंदीर त्याला जास्त जवळचा. हा अर्क घरी करून घेऊ नका. चालू गोळ्यांच्या जोडीने घेतलात तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका आहे.

असे लेख वाचताना आणखी दोन जागी बोट ठेवावे. उंदीर गटांत चिठ्ठ्या टाकून वाटले होते का? आणि साखर मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत होते का? या दोन्हींचा उल्लेख नसेल तर आकडा कितीही सुंदर असो, हातचा राखूनच वाचा.

प्रश्न : आपल्याकडच्या विद्यापीठात किंवा संस्थेत शोध लागून उपचार रुग्णापर्यंत पोचला, असे ताजे उदाहरण आहे का? आणि आमचे एक पोस्टर आहे. पेटंट आधी की परिषद आधी? (प्राध्यापक, ठाणे)

उदाहरण तुमच्या शेजारचेच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांत इतर उपचार थकल्यावर तो वापरतात. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत सीडी-१९ (बी-पेशींवरचे प्रथिन) ओळखणारे जनुक घालायचे, त्या वाढवायच्या, रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देऊन जागा मोकळी करायची आणि मग त्या परत सोडायच्या. अमेरिकेतल्या अशा उपचारापेक्षा याचा खर्च साधारण दहाव्या भागावर आला. बिघडते तेही सांगायला हवे. टी-पेशी एकदम चवताळल्या की ताप येतो, रक्तदाब कोसळतो, आणि त्यावर टोसिलिझुमॅब द्यावे लागते. कधी कर्करोगाची पेशी सीडी-१९ च टाकून देते आणि निसटते. निरोगी बी-पेशीही मरत असल्याने पुढे संसर्गाची काळजी घ्यावी लागते.

आता पोस्टर. पेटंट आधी. आपल्या पेटंट कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. युरोपात तीही मिळणार नाही. भिंतीवर लावलेले पोस्टर, परिषदेची सारांशपुस्तिका, इतकेच काय ग्रंथालयात ठेवलेला प्रबंधही ‘आधी उघड झालेले’ धरला जाऊ शकतो. रेणू इथल्या वनस्पतीतून काढला असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे कागदही लागतात. ते पेटंट मंजूर होण्याआधी हातात हवेत, म्हणून तो अर्जही सोबतच सुरू करा. सगळे प्रयोग पुरे व्हायची वाट पाहू नका. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करून ठेवता येतो, पूर्ण तपशिलाला त्यानंतर बारा महिने मिळतात. दाखल केल्याची पावती आली की त्याच संध्याकाळी पोस्टर छापायला द्या.